आकड्यामागचा प्रश्न : डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे मधुमेह-संशोधन आणि खानदेश

एखाद्या शास्त्रज्ञाच्या कामाचे वजन ठरवताना विद्यापीठे, निधी देणाऱ्या संस्था आणि निवड समित्या आज सर्वात आधी एका आकड्याकडे पाहतात. त्या शास्त्रज्ञाच्या शोधनिबंधांचा आधार इतर संशोधकांनी आपल्या लेखनात किती वेळा घेतला, याची ती मोजदाद असते, आणि असा आधार घेऊन त्याची नोंद करण्याला उद्धरण, किंवा महाविद्यालयांतून रूढ झालेल्या शब्दात सायटेशन, असे म्हणतात. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील मधुमेह विभाग उभा करणारे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे काम या मोजदादीत भारतीय मधुमेह-संशोधकांच्या पहिल्या फळीत येते. त्या कामाची ओळख जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील वाचकाला करून देणे हा या प्रस्तावनेचा हेतू असला, तरी आकड्यापासून सुरुवात केल्यास ती ओळख अपुरी राहील. कारण आधी एक प्रश्न उभा राहिला, त्या प्रश्नाचा माग तीसहून अधिक वर्षे सोडला गेला नाही, आणि उद्धरणे त्यानंतर, त्याचा परिणाम म्हणून आली.

तो प्रश्न समजण्यासाठी रोगाची थोडी माहिती हवी. अन्नातून रक्तात आलेली साखर पेशींमध्ये पोहोचवण्याचे काम इन्सुलिन हे संप्रेरक करते आणि ते स्वादुपिंडातील बीटा नावाच्या पेशींत तयार होते. या पेशी पुरेसे इन्सुलिन निर्माण करू शकल्या नाहीत, किंवा स्नायू व यकृत त्या इन्सुलिनला दाद देईनासे झाले, म्हणजे रक्तातील साखर वाढत जाते. यातील दुसऱ्या अवस्थेला इन्सुलिन-प्रतिरोध म्हणतात. प्रौढपणी होणारा, टाइप-२ म्हणून ओळखला जाणारा मधुमेह हा वय वाढलेल्या आणि वजन वाढलेल्या माणसाचा रोग आहे, अशी विसाव्या शतकातील पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांची शिकवण होती आणि भारतातील वैद्यकीय विद्यार्थीही तीच पाठ करत असत. ऑक्सफर्ड येथे संशोधनाचे प्रशिक्षण घेऊन पुण्यात परतलेल्या डॉ. याज्ञिकांना १९८० च्या दशकात रुग्णालयात दिसणारे रुग्ण मात्र या शिकवणीत बसत नव्हते. ते युरोपातील रुग्णांपेक्षा वयाने सुमारे एक दशक लहान होते, वजनाच्या तक्त्यानुसार पुष्कळदा लठ्ठही नव्हते, पण त्यांच्या पोटाभोवती चरबी साठलेली होती. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात डॉ. शेळगीकर, हॉकाडे आणि याज्ञिक यांनी रक्तातील वाढलेल्या साखरेचा संबंध एकूण लठ्ठपणापेक्षा या पोटाच्या चरबीशी अधिक आहे असे दाखवले. पाठ्यपुस्तक आणि समोरचा रुग्ण यांचे जुळत नसेल, तर पुस्तकाला प्रश्न विचारायचा, ही या संशोधकाची वृत्ती तेव्हापासूनची आहे.

तोवर भारतीयांमधील मधुमेहाचे एक ठरलेले स्पष्टीकरण उपलब्ध होते. अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ जेम्स नील यांनी १९६२ साली असे मांडले होते की दुष्काळामागून दुष्काळ सोसलेल्या मानवसमूहांत अन्न साठवून ठेवणारी काटकसरी जनुके टिकली आणि सुबत्ता येताच तीच घातक ठरली. याच्या उलट दिशेने विचार करणारे इंग्लंडमधील डेव्हिड बार्कर आणि निकोलस हेल्स यांनी १९९२ साली असे सुचवले की ही काटकसर जनुकांत नसून गर्भाच्या वाढीत आहे. आईच्या पोटात पोषण कमी पडले की गर्भ मेंदू वाचवतो आणि त्याची किंमत स्वादुपिंड, स्नायू, यकृत यांच्याकडून वसूल होते. बार्कर यांच्या या मांडणीचा पाया हर्टफर्डशर परगण्यातील नोंदवह्यांत होता. एथेल मार्गारेट बर्नसाइड या सुईणींच्या पर्यवेक्षिकेने १९११ पासून तेथे जन्मलेल्या प्रत्येक बाळाचे वजन आपल्या हाताखालच्या परिचारिकांकडून लिहून घेतले होते. त्या बाळांपैकी साठी ओलांडलेले पुरुष शोधून त्यांची तपासणी केली असता, जन्मतः वजन कमी असलेल्यांत मधुमेहाचे प्रमाण जास्त आढळले. जिल्हा पातळीवरच्या एका कर्मचाऱ्याने नेटाने लिहिलेल्या वह्यांवर जगाच्या वैद्यकाला वळण देणारा सिद्धान्त उभा राहावा, ही गोष्ट खानदेशच्या वाचकाने विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

बार्कर यांच्या साउथॅम्प्टन येथील संस्थेतील डॉ. कॅरोलीन फॉल आणि डॉ. याज्ञिक यांची भागीदारी येथून सुरू झाली. इंग्लंडात म्हाताऱ्या माणसांत दिसलेली गोष्ट भारतात लहान मुलांतच दिसेल काय, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. के. ई. एम. रुग्णालयात जन्मलेल्या आणि जन्मवजनाची नोंद असलेल्या मुलांना वयाच्या चौथ्या वर्षी ग्लुकोज पाजून रक्त तपासले गेले; १९९५ साली आलेल्या या निबंधात जन्मवजन जितके कमी तितकी ग्लुकोज घेतल्यानंतरची साखर जास्त, असा संबंध निघाला. मुले आठ वर्षांची झाली तेव्हा तपासलेल्या ४७७ मुलांच्या अभ्यासातून, जो डॉ. बावडेकर आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केला, चित्र अधिक स्पष्ट झाले. सर्वाधिक धोका जन्मतः लहान असूनही पुढे आपल्या सोबत्यांपेक्षा अधिक वाढलेल्या मुलांना होता. गर्भात उपासमार आणि नंतर भरपूर अन्न, ही जोडी घातक ठरते, हे येथे प्रथमच भारतीय बालकांत दिसले.

मात्र रुग्णालयात जन्मलेली शहरी मुले पाहून आईच्या पोषणाविषयी बोलता येत नव्हते. त्यासाठी गर्भधारणेच्या आधीपासून स्त्रियांची माहिती हवी होती, आणि अशी माहिती गोळा करणे हे कोणत्याही देशात अवघड काम मानले जाते. ते शक्य झाले, कारण डॉ. बानू कोयाजी यांच्या नेतृत्वाखाली के. ई. एम. रुग्णालयाने वढू परिसरातील खेड्यांत १९७० च्या दशकापासून आरोग्यसेवेचे जाळे विणलेले होते आणि गावकऱ्यांचा विश्वास आधीच मिळवलेला होता. १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत पुणे माता-पोषण अभ्यास सुरू झाला. त्यात २,४६६ विवाहित स्त्रियांची नोंद गर्भारपणापूर्वी झाली, त्यांच्यातील सुमारे ८०० गर्भारपणांचा बारकाईने पाठपुरावा झाला, आणि ती बाळे पुढे सहा, बारा व अठरा वर्षांची होईपर्यंत पुन्हा पुन्हा तपासली गेली. या स्त्रियांची सरासरी उंची १५२ सेंटिमीटर आणि वजन जेमतेम ४२ किलो होते. आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव यांनी त्यांच्या आहाराचा आणि श्रमाचा जो हिशेब मांडला, त्यात एकूण उष्मांकापेक्षा हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध ही बाळाच्या वाढीशी जोडलेली आढळली, आणि गरोदरपणात शेतातले व घरातले कष्ट जितके जास्त तितके बाळ लहान, असेही निघाले. ज्या भागात कापूस वेचणीच्या हंगामात दिवस भरत आलेल्या बायाही वावरात वाकलेल्या दिसतात, तेथे या निष्कर्षाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

याच अभ्यासातून डॉ. याज्ञिकांचे सर्वात गाजलेले निरीक्षण पुढे आले. पुण्याजवळच्या गावांतील ६३१ बाळांची तुलना साउथॅम्प्टनच्या ३३८ बाळांशी केली गेली. पूर्ण दिवसांच्या भारतीय बाळाचे सरासरी वजन २.७ किलो आणि इंग्रज बाळाचे ३.५ किलो होते, यात नवल काही नव्हते. नवल पुढे होते. भारतीय बाळाचे पोट, दंड, डोके, उंची सर्व लहान असताना पाठीवरच्या खवाट्याखालील त्वचेची घडी, जिच्या जाडीवरून त्वचेखालील चरबीचा अंदाज येतो, ती मात्र इतर मापांच्या मानाने पुष्कळ टिकून होती. स्नायू व अंतर्गत अवयव यांना कात्री लागली होती आणि चरबी त्या मानाने शाबूत होती. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या या निबंधाने ‘थिन-फॅट’, म्हणजे दिसायला कृश पण घडणीने मेदयुक्त, अशा भारतीय बाळाची कल्पना जगापुढे ठेवली. त्याच्या आदल्या वर्षी पुणे आणि लंडन येथील बाळांच्या नाळेतील रक्ताची तुलना करून भारतीय बाळांत इन्सुलिनची पातळी जन्मतःच चढी असते, हेही दाखवले गेले होते. त्वचेची घडी चिमट्याने मोजण्यात माणसागणिक फरक पडू शकतो, ही शंका रास्त होती. परंतु २००९ साली डॉ. नीना मोदी यांच्या चमूने पुणे व लंडन येथील नवजात बाळांची चुंबकीय अनुनाद तंत्राने संपूर्ण शरीराची प्रतिमा घेतली, तेव्हाही भारतीय बाळांच्या पोटातील चरबी अधिक निघाली. दुसऱ्याने वेगळ्या साधनाने तपासून पाहिल्यावर टिकलेले निरीक्षण हेच विज्ञानात खरे कमावलेले निरीक्षण असते.

प्रौढांमधील हीच विसंगती डॉ. याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एकाच पानात मांडली. वजनाला उंचीच्या वर्गाने भागून जो बॉडी मास इंडेक्स काढतात, तो दोघांचाही २२.३ होता, पण शरीरातील चरबी मोजली असता युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के भरली. दोघांच्या आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून वाय-वाय विरोधाभास असे नाव मिळालेले हे पान शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन शास्त्रज्ञांच्या छायाचित्रासह जगभरच्या वर्गांतून दाखवले गेले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ गटाने आशियाई लोकांसाठी हा निर्देशांक २३ च्या वर गेल्यावरच सावध व्हावे असे सुचवले, आणि आज जळगावच्या दवाखान्यात एखादा डॉक्टर फारशा जाड नसलेल्या रुग्णाच्या कमरेला टेप लावतो, त्यामागे अनेक देशांतील अशा कामांची मिळून झालेली शिकवण आहे.

डॉ. याज्ञिकांच्या कामातील सर्वात विचारप्रवर्तक भाग मात्र बी-१२ या जीवनसत्त्वाचा आहे, आणि येथे किंचित अधिक थांबणे योग्य होईल. हे जीवनसत्त्व सूक्ष्मजीव तयार करतात आणि माणसाला ते मुख्यतः दूध, अंडी, मासे, मांस यांतून मिळते. पालेभाजीतून मिळणाऱ्या फोलिक आम्लाच्या जोडीने ते पेशींच्या वाढीला आणि जनुकांवर चालू-बंदच्या खुणा उमटवणाऱ्या रासायनिक क्रियेला लागते. पुणे माता-पोषण अभ्यासातील सुमारे दोन तृतीयांश मातांत बी-१२ कमी होते, फोलिक आम्लाची कमतरता मात्र जवळजवळ कोणातच नव्हती. मुले सहा वर्षांची झाल्यावर त्यांची तपासणी झाली तेव्हा ज्यांच्या आईत गरोदरपणी बी-१२ कमी आणि फोलिक आम्ल भरपूर होते, त्या मुलांत इन्सुलिन-प्रतिरोध सर्वाधिक आढळला. २००८ साली ‘डायबेटोलॉजिया’ या नियतकालिकात आलेल्या या निबंधाने एक अडचणीचा प्रश्न विचारला. भारतात १९७० पासून गरोदर स्त्रियांना लोह आणि फोलिक आम्लाच्या गोळ्या दिल्या जात आहेत आणि रक्तक्षय टाळण्यासाठी त्या आवश्यकही आहेत. पण ज्या स्त्रीच्या शरीरात बी-१२ नाही तिला केवळ फोलिक आम्ल देत राहणे पुरेसे आहे काय? एका निरीक्षणातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे ओळखून या चमूने त्याच गावांतील, आता वयात आलेल्या मुलामुलींना बी-१२ देऊन त्यांच्या पुढच्या पिढीवर परिणाम होतो का हे पाहणारी चाचणी २०१२ साली सुरू केली. गरोदर बाईने या प्रश्नाच्या भीतीने सरकारी दवाखान्यातील गोळ्या बंद करू नयेत, हे येथे स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे; संशोधनाचा रोख गोळी काढून टाकण्याकडे नसून तिला जोड देण्याकडे आहे.

आता उद्धरणांकडे वळता येईल. संशोधनातील संदर्भांची पद्धतशीर सूची करण्याची कल्पना अमेरिकेतील यूजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली मांडली आणि १९६४ मध्ये विज्ञानातील उद्धरणांची पहिली मोठी सूची बाजारात आणली; २००४ पासून हेच काम संगणकावर घरबसल्या करता येऊ लागले. भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हर्श यांनी २००५ साली सुचवलेला एच-निर्देशांक आज सर्वांच्या तोंडी आहे. एखाद्याचे वीस निबंध प्रत्येकी किमान वीस वेळा उद्धृत झाले असतील, पण एकवीस निबंधांना एकवीस उद्धरणे मिळालेली नसतील, तर त्याचा निर्देशांक वीस होतो. खानदेशात या व्यवहाराचा मूळ गाभा नवा नाही. धुळ्याला अखेरची वर्षे काढून १९२६ साली तेथेच निवर्तलेल्या इतिहासाचार्य राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या बावीस खंडांतून जे कागद छापले, त्यांचा आधार घेतल्याशिवाय मराठ्यांच्या इतिहासाचे गंभीर लेखन पुढे सरकत नाही, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही धुळ्यात उभे आहे. पुढच्या अभ्यासकाला ज्याच्यावाचून चालत नाही ते संशोधन, ही कसोटी सूचीपेक्षा पुष्कळ जुनी आहे.

सूचीचा आकडा ही कसोटी काही प्रमाणात पकडतो आणि काही प्रमाणात हुकवतो. मधुमेहाच्या जनुकांचे मोठे अभ्यास अनेक देशांतील संस्था मिळून करतात, त्या निबंधांवर शेकडो नावे असतात आणि प्रत्येकाच्या खात्यात सारखीच उद्धरणे पडतात. डॉ. याज्ञिक यांनी हैदराबादच्या डॉ. चांडक यांच्याबरोबर भारतीयांतील जनुकांवर महत्त्वाचे काम केले आहे, पण त्यांचे वेगळेपण जाणायचे असेल तर गावातल्या बाळांवरचे निबंधच वाचावे लागतात. उलट, एखादी कल्पना इतकी सर्वमान्य होते की तिचा जनक कोण हे लिहिण्याची गरजच कोणाला वाटत नाही, ही गोष्ट समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी दाखवून दिली होती. भारतीय माणूस बारीक दिसला तरी त्याच्या शरीरात चरबी जास्त असू शकते, हे वाक्य आता वृत्तपत्रांच्या आरोग्य-पुरवण्यांतूनही कोणाच्याही नावाविना छापले जाते. शिवाय वैद्यकात लेखन करणाऱ्यांची संख्या मोठी असल्याने तेथील उद्धरणे गणित किंवा मराठी साहित्याच्या अभ्यासकाला कधीच मिळणार नाहीत, म्हणून दोन विषयांतील आकड्यांची तुलना निरर्थक ठरते. निधी आणि पदोन्नती यांसाठी नियतकालिकाच्या उद्धरणांवरून काढलेल्या आकड्यावर विसंबू नये, असे आवाहन २०१२ साली सॅन फ्रान्सिस्को येथे जमलेल्या संपादक-संशोधकांनी केले होते, ते याच कारणाने.

हे सर्व ध्यानात घेऊनही एक मत ठामपणे नोंदवणे भाग आहे. ज्या वर्षांत आपल्याकडील अनेक महाविद्यालयांत निबंधांची संख्या वाढवण्याची धावपळ सुरू झाली आणि पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके फोफावली, त्याच वर्षांत पुण्याचा हा चमू त्याच सहा गावांत, त्याच मुलांचे वजन, उंची आणि रक्त तपासत राहिला. अठरा वर्षे वाट पाहिल्याशिवाय ज्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, तो प्रश्न हाती घेण्याचे धैर्य कोणत्याही निर्देशांकात मोजले जात नाही. २०२१ साली आलेल्या निबंधात या चमूने दाखवले की अठराव्या वर्षी साखर वाढलेल्या तरुणांमध्ये गर्भातली खुंटलेली वाढ आणि बालपणापासून किंचित चढी राहिलेली साखर आधीच नोंदलेली होती. आणि २०२२ साली स्वीडनमधील संशोधकांबरोबर केलेल्या अभ्यासात, तरुण वयात मधुमेह झालेल्या भारतीयांत इन्सुलिन-प्रतिरोधापेक्षा इन्सुलिनची कमतरता हे मोठे कारण दिसले. सडपातळ भारतीय रुग्णाकडे पाहून १९८० च्या दशकात पडलेला प्रश्न अशा रीतीने बीटा पेशींच्या दुर्बळतेपर्यंत येऊन पोहोचला आहे.

खानदेशासाठी या कामाचे महत्त्व कशात आहे, ते सांगणे अजून शिल्लक आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीने २०२३ साली भारतातील प्रौढांत मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के आणि मधुमेहपूर्व अवस्थेचे १५.३ टक्के असल्याचे जाहीर केले. रुग्णांची संख्या दहा कोटींच्या पुढे गेली आहे. जळगाव आणि धुळे या जिल्ह्यांत सातपुड्याच्या पायथ्याशी शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांत कुपोषित आईचे कमी वजनाचे बाळही जन्मते, आणि ज्वारीची व कळण्याची भाकरी मागे टाकून तयार खाद्यपदार्थांकडे वळलेले, बैठ्या कामाचे शहरी घरही त्याच जिल्ह्यात असते. पुण्याच्या अभ्यासाने सांगितलेली घातक जोडी, म्हणजे गर्भात उणीव आणि पुढे मुबलकता, एकाच कुटुंबाच्या दोन पिढ्यांत, किंवा गाव सोडून सुरतेला कामाला गेलेल्या एकाच माणसाच्या आयुष्यात येथे घडू शकते. हे किती प्रमाणात घडते, याचे उत्तर पुण्याच्या सहा गावांवरून काढता येणार नाही. आहार वेगळा, श्रम वेगळे, समाज वेगळे, म्हणून ते येथेच मोजावे लागेल.

मोजण्याची साधने येथे आहेत. धुळ्याला आणि जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, जळगावला कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे, शिरपूरला औषधनिर्माणशास्त्राची नामांकित संस्था आहे, आणि प्रत्येक गावात आशा कार्यकर्ती माता व बाल संरक्षण कार्डावर बाळाचे वजन लिहीत असते. या संस्थांतील अध्यापकांनी आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी पुढच्या निबंधाचा विषय शोधताना आधी आपल्या तालुक्यातील प्रसूती नोंदवह्या उघडाव्यात, त्यातील जन्मवजने जपून ठेवण्याची व्यवस्था करावी, आणि त्यातील काही शे मुलांना कुटुंबाच्या संमतीने वयाच्या सहाव्या वर्षी पुन्हा भेटण्याचे काम आजच्या तरुण संशोधकांनी हाती घ्यावे.